छपरातला शार्क आणि भिंतीवरची मुले

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची धाकटी नात ऑक्सफर्डला आमच्याकडे राहायला आली होती. नऊ वर्षांची आहे. एका सकाळी तिला हेडिंग्टनमधल्या न्यू हाय स्ट्रीटवर नेले आणि म्हटले, "आता वर बघ." तिने वर पाहिले आणि आमचा हात घट्ट धरला. एकाला एक लागून असलेल्या साध्या घरांच्या रांगेत एका घराच्या छपरात भला मोठा शार्क मासा घुसला आहे. डोके छपरात, पोट आणि शेपटी आभाळाकडे. जणू वरून कुणी फेकला आणि कौले फोडून आत गेला.

थोड्या वेळाने तिने दोन प्रश्न विचारले. "आजी, हा पडत नाही का गं? आणि याच्या खाली झोपतं कोण?"

दुसरा प्रश्न ऐकून आम्ही गप्पच झालो. अगदी हाच प्रश्न १९८६ साली आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारला होता. तेव्हा आम्हाला उत्तर देता आले नव्हते. आता नातीला जे सांगितले, ते वाचकांसाठी, आणि विशेषतः बालवाचकांसाठी, जरा नीट लावून इथे लिहीत आहोत.

आधी आमची ओळख. माझगावच्या एली कदूरी शाळेत शिकलो, मुंबईत नर्सिंग केले. १९७१ च्या लढाईत खिडक्यांना काळे कागद लावून रात्रपाळी केलेली आहे. १९७३ साली इकडे आलो. आमचे हे परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, इथे काउलीच्या मोटार कारखान्यात लागले. आम्ही हेडिंग्टनच्या नफील्ड ऑर्थोपेडिक सेंटरमध्ये हाडांच्या वॉर्डात लागलो. म्हणजे घरात एक लोखंड जोडणारा आणि एक हाडे जोडणारी. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यातले लोखंड त्यांचे आणि प्लास्टर आमचे, असे समजावे.

तो शनिवार

९ ऑगस्ट १९८६, शनिवार. रात्रपाळी संपवून आम्ही पायी घरी येत होतो. न्यू हाय स्ट्रीटवर माणसांचा घोळका उभा आणि सगळ्यांच्या माना वर. आम्हीही वर बघितले. रात्रभर जागलेल्या डोळ्यांना आधी वाटले, आपल्यालाच काहीतरी दिसते आहे!

घर बिल हाइन यांचे होते. हे मूळचे अमेरिकन, इथे रेडिओवर बोलत, सिनेमा थिएटरे चालवत. शार्क केला होता जॉन बकली या शिल्पकाराने. याच जोडीने त्याआधी याच रस्त्यावरच्या थिएटरच्या दर्शनी भिंतीवर नाचणाऱ्या बाईचे दोन प्रचंड पाय बसवले होते. ते पाय पुढे ब्रायटनच्या ड्यूक ऑफ यॉर्क थिएटरवर गेले, आजही तिथे आहेत. तेव्हा घोळक्यातल्या पुष्कळांना वाटले, हाही तसाच एक विनोद.

पण तारीख मुद्दाम निवडलेली होती. ९ ऑगस्ट १९४५ ला जपानच्या नागासाकी शहरावर अणुबॉम्ब टाकला, त्याला त्या दिवशी ४१ वर्षे झाली. शिवाय त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या तळांवरून उडालेल्या अमेरिकन विमानांनी लिबियावर बॉम्ब टाकले होते, आणि त्याच महिन्यात चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली होती. आपल्या घरात आपण निवांत बसलेले असतो, आणि आभाळातून काय येऊन पडेल हे आपल्या हातात नसते. शार्कचा अर्थ एवढा सरळ होता.

आमच्या शेजारच्या बाईंना तो अर्थ कुणी सांगावा लागला नाही. आमची मुले त्यांना 'नॅन' म्हणत. त्या मूळच्या लंडनच्या, लॅम्बेथ भागातल्या. लहानपणी, १९४० साली, बॉम्बहल्ल्यात त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. त्या कधी त्याबद्दल बोलत नसत. त्या दिवशी आम्ही घरी आलो तर नॅन दारात उभ्या. त्याही पाहून आल्या होत्या. "That's not funny" वगैरे काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "त्या घरात, त्याच्या खाली, झोपणार कोण?" आणि दार लावून घेतले. नंतर कित्येक दिवस त्या दुकानात जाताना लांबच्या रस्त्याने जात.

शार्क पडत का नाही?

आता नातीचा पहिला प्रश्न. शार्क २५ फूट लांब आहे, म्हणजे साधारण साडेसात मीटर. वजन सुमारे २०० किलो. बालवाचकांना वाटेल, एवढा मोठा आणि फक्त २०० किलो? अडीच-तीन मोठ्या माणसांएवढे वजन! तर त्याचे कारण असे की तो आतून भरीव नाही. तो फायबरग्लासचा आहे.

फायबरग्लास म्हणजे काचेच्या अगदी बारीक तंतूंचे कापड. ते साच्यावर थरावर थर लावायचे आणि प्रत्येक थरात चिकट रसायन भिजवायचे. वाळले की कवच हलके आणि टणक होते. आमच्या वॉर्डात पूर्वी मोडलेल्या हातापायांना प्लास्टर ऑफ पॅरिसची ओली पट्टी गुंडाळत. नंतर फायबरग्लासच्या पट्ट्या आल्या. पेशंट खूश, कारण पाय हलका. शार्कही तसाच: गुंडाळलेला, पोकळ आणि कडक.

आणखी एक गंमत. त्याला डोके नाहीच! दिसते की डोके घराच्या आत गेले आहे, पण ते केलेलेच नाही. जे दिसणार नाही त्याचे वजन छपराने कशाला सोसायचे?

पण नुसते हलके असून भागत नाही. आमच्या ह्यांनी नॅनला समजावताना पाकिटाच्या मागे चित्र काढले होते, ते असे. घराचे छप्पर कशासाठी असते? पाऊस अडवायला. कौले रिपांवर बसतात, रिपा वाशांवर. त्यांनी कौलांचे, बर्फाचे आणि वाऱ्याचे ओझे सोसायचे, मध्येच एका ठिकाणी ठेवलेल्या माशाचे नव्हे. म्हणून ते ओझे कौलांना आणि वाशांना चुकवून थेट भिंतींवर गेले पाहिजे, आणि भिंतींतून पायात. त्यासाठी या घराच्या छपरात लोखंडी गर्डर मुद्दाम घातले होते. शार्क कौलांवर टेकलेला नाही, तो गर्डरवर उभा आहे. मोडलेल्या मांडीच्या हाडात आपण जशी सळई घालतो आणि वजन सळईतून खाली जाते, तसेच.

मग वारा. लोक वजनाला घाबरतात, आमचे हे म्हणायचे, वाऱ्याला घाबरायला पाहिजे. वजन रोज तेवढेच असते आणि खालीच ओढते. वारा कधी इकडून, कधी तिकडून. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ९० मैलांचा वारा समोरच्या एक चौरस मीटरवर साधारण १०० किलोचा रेटा देतो. आणि शार्क तर उभा, शेपटी वर. जितके उंच, तितकी ढकलायला सोय. बालवाचकांनी दोन लिटर दुधाची बाटली छातीशी धरून बघावी. मग हात सरळ पुढे करून तीच बाटली धरावी. बाटलीचे वजन वाढले का? नाही. पण खांदा लगेच सांगतो. त्या शार्कचा खांदा म्हणजे छपरातला तो सांधा. तो वजनाने तुटणार नाही; तुटलाच तर वाऱ्याच्या हिसक्याने.

तिसरा शत्रू पाणी. छपराला भोक पाडले की पाऊस येणार. या देशात चिमणीच्या बुडाशी शिशाचा पत्रा वाकवून बसवतात, तो शिसे मऊ असते म्हणून. घर उन्हाथंडीत थोडे हलते, पत्रा त्याच्याबरोबर वाकतो, फाटत नाही. छपरातून काहीही वर काढायचे असले तर तिथे ही काळजी लागतेच. पाणी आत मुरले की वासा कुजतो, लोखंड गंजते, आणि हे सगळे डोळ्यांआड होते. जखमेचेही तसेच असते. वरून खपली, आत पू.

कौन्सिलची हरकत

शार्क क्रेनने चढवला तो परवानगी न घेता. ऑक्सफर्ड सिटी कौन्सिलने आधी म्हटले, हे धोक्याचे आहे, काढा. मग इंजिनियर आले, त्यांनी छपरातले गर्डर तपासले आणि सांगितले की मजबूत आहे. धोक्याचा मुद्दा तिथेच संपला.

त्या दिवशी नॅननी आमच्या ह्यांना बोलावून घेतले. "तपासलं म्हणजे काय तपासलं?" असे विचारून त्यांनी पाकिटावरचे ते चित्र पुन्हा काढून घेतले. गर्डर कुठून कुठे, भिंत कुठे, बोल्ट कुठे. ते पाकीट त्यांनी चहाच्या डब्यामागे ठेवून दिले. शार्क त्यांना आवडला असे मुळीच नाही. पण त्यानंतर त्या दुकानात जवळच्या रस्त्याने जाऊ लागल्या.

कौन्सिलने मग शार्क पोहण्याच्या तलावासारख्या एखाद्या सार्वजनिक जागी ठेवायची तयारी दाखवली. मालक तयार नव्हते. १९९० साली परवानगी नाकारली गेली. त्याच वर्षी २५ जानेवारीला दिवसाढवळ्या मोठे वादळ झाले होते, देशभर झाडे पडली, कौले उडाली. शार्क होता तिथेच होता. वाऱ्याने हात टेकले, कौन्सिलने नाही, असे आमचे हे म्हणत! प्रकरण वर सरकारच्या पर्यावरण खात्याकडे गेले, तेव्हा मायकेल हेझेल्टाइन मंत्री होते. १९९२ साली निकाल लागला: शार्क राहू द्यावा. शार्क आजूबाजूच्या घरांशी जुळत नाही हे त्या निकालाने मान्य केले. पण जुळू नये हाच त्याचा हेतू आहे, आणि नियमांच्या राज्यात अशा एखाद्या अनपेक्षित गोष्टीलाही थोडी जागा हवी, असा त्याचा आशय होता.

पुढची गंमत तर आणखी आहे. बिल हाइन २०१९ साली वारले. २०२२ साली त्याच कौन्सिलने शार्कला शहराच्या वारशाच्या यादीत घातले. त्यांच्या मुलाने त्यालाच हरकत घेतली, कारण वडिलांनी शार्क बसवला तो कौन्सिलला न विचारता, लोकांनी काय पाहावे हे कौन्सिलने ठरवू नये म्हणून. आता कौन्सिलच म्हणते, जपा!

व्हॉक्सहॉलची भिंत

निकाल लागल्यानंतरच्या वसंतात नॅन आम्हाला म्हणाल्या, "मला लंडनला घेऊन चला, तुम्हाला एक दाखवायचं आहे." आम्ही दोघे आणि त्या असे व्हॉक्सहॉलला गेलो. तिथे व्हॉक्सहॉल गार्डन्स एस्टेट नावाची विटांच्या इमारतींची वसाहत आहे. लढाईनंतर लंडन काउंटी कौन्सिलने ज्यांची घरे गेली अशा गोरगरिबांसाठी लंडनभर ज्या चाळी बांधल्या, त्यांतलीच. त्यातल्या डार्ली हाउस या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर मुले आहेत. सिमेंटची. एकामागे एक जाणारी, खेळात जशी पुढच्याच्या मागे जातात तशी. शिल्पाचे नावच 'फॉलोइंग द लीडर'. १९४९ साली केलेले, आणि लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात मेलेल्या मुलांचे ते स्मारक आहे.

त्या हल्ल्यांत, सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या आठ महिन्यांत, देशभरात ४० हजारांवर साधी माणसे मेली. नॅन भिंतीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. कुठले मूल आपले, हे त्यांनी मनाशी ठरवून ठेवले होते. बोटाने दाखवले नाही. वरच्या खिडकीत कुणाचे तरी कपडे वाळत होते आणि आतून रेडिओ ऐकू येत होता.

हे शिल्प करणारा माणूस आपल्यातला होता, हे आम्हाला नंतर कळले. पीटर लास्लो पेरी, १८९९ साली बुडापेस्टला यहुदी घरात जन्मलेला. तिथून बर्लिनला गेला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, त्याच वर्षी लंडनला पळून आला. म्हणजे जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या परक्या माणसाने जर्मन बॉम्बनी मेलेल्या लंडनच्या मुलांचे स्मारक केले. ते चौकात चौथऱ्यावर केले नाही, माणसे राहतात त्या घराच्या भिंतीवर केले. त्याच वसाहतीत वेअरहॅम हाउसवर त्याचे फुटबॉल खेळणारे आहेत आणि हॉर्टन हाउसवर मुलांबरोबर खेळणारी आई.

पेरीजवळ पितळेला किंवा संगमरवराला पैसे नव्हते. तो सिमेंट वापरी, आणि तेही साच्यात ओतून नव्हे. आधी लोखंडाच्या सळ्या-तारांचा सांगाडा, मग त्यावर ओले सिमेंट हाताने चढवत जायचे. त्याच्या खास मिश्रणाला पुढे 'पेरिक्रीट' असे नावच पडले. आम्हाला हे वाचताच आमची प्लास्टर रूम आठवली. बादली, ओले हात, आणि घट्ट व्हायच्या आत काम उरकायची घाई.

भिंतीवर टांगायचे म्हणजे

छपरापेक्षा भिंतीचे गणित जरा वेगळे. भिंतीवरून पुढे आलेल्या वस्तूचे वजन तिला नुसते खाली सरकवत नाही, पुढे कलंडवतेही. त्यामुळे वरचे बोल्ट भिंतीतून उपसले जातात आणि खालची कड भिंतीत दाबली जाते. उदाहरण घ्या. १०० किलोचे शिल्प, त्याच्या वजनाचा मध्य भिंतीपासून अर्धा मीटर पुढे. वरच्या बोल्टमध्ये आणि खालच्या टेकूमध्ये एक मीटर अंतर ठेवले, तर वरच्या बोल्टवर ओढ ५० किलोची. तेच अंतर पाव मीटर ठेवले, तर ओढ २०० किलोची. शिल्प तेच, भिंत तीच. फक्त हात किती पसरून धरले त्याचा फरक.

हा धडा आम्ही स्वतःच्या घरावर शिकलो. एका वर्षी दारावर फुलांची टोपली टांगायची हौस आली. एका कारागिराने भिंतीला भोक पाडून त्यात लाकडाचा तुकडा ठोकला, त्यात स्क्रू पिळला, पैसे घेतले आणि गेला. पहिल्या वादळात टोपली, माती, कंस आणि अर्धी वीट, सगळे पायरीवर. बरे की खाली कुणी नव्हते. आमचे हे पायरीवरचा विटेचा तुकडा हातात घेऊन म्हणाले, "स्क्रू नाही निसटला, वीटच निसटली." इकडच्या पुष्कळ घरांना दुहेरी भिंत असते. बाहेरची पातळ, सुमारे चार इंचांची, मध्ये पोकळी, मग आतली. बाहेरच्या भिंतीने पाऊस अडवायचा, ओझे नाही घ्यायचे.

म्हणून आज एखाद्या राहत्या इमारतीवर मोठे शिल्प लावायचे असले, तर काम असे चालते. आधी भिंत कशाची आहे ते उघडून पाहतात. ओझे बाहेरच्या विटांवर न टाकता आतल्या काँक्रीटच्या खांबांवर किंवा मजल्याच्या स्लॅबवर नेतात. भोक पाडून, त्यातली धूळ पूर्ण काढून, रसायन भरून त्यात सळई बसवतात. धूळ राहिली तर पकड धरत नाही, जशी मळलेल्या कातडीवर चिकटपट्टी धरत नाही. मग काही सळया यंत्राने मुद्दाम ओढून बघतात, किती जोराला सुटते ते. ही परीक्षा झाल्याशिवाय शिल्प वर चढत नाही.

सळया स्टेनलेस स्टीलच्या. साधे लोखंड गंजले की फुगते, मूळच्या कितीतरी पट जागा घेते आणि आतून काँक्रीट फोडते. शिवाय धातू उन्हात वाढतो, थंडीत आखडतो. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जॉन लुईसच्या दुकानाच्या भिंतीवर बार्बरा हेपवर्थ यांचे 'विंग्ड फिगर' आहे, १९६३ सालचे, सुमारे १९ फूट उंच, अ‍ॅल्युमिनियमचे. खरेदीला जाताना सगळ्यांनी ते पाहिले असेल, वर मात्र बघितले नसेल! एवढ्या लांबीचे अ‍ॅल्युमिनियम कडक थंडीपासून कडक उन्हापर्यंत, म्हणजे ४० अंशांच्या फरकाने, साधारण ५ मिलिमीटर वाढते. सगळे बोल्ट आवळून टाकले तर तो धातू कुठे जाणार? म्हणून अशा कामांत काही भोके गोल न ठेवता लांबट ठेवतात, सरकायला जागा मिळावी म्हणून. आपल्या दाराच्या चौकटीवर मेझुझा दोन छोट्या खिळ्यांवर वर्षानुवर्षे राहतो, कारण तो वितीपेक्षाही लहान. वस्तू वाढली की खिळ्याचे शास्त्र होते.

उचलण्याच्या दिवशी बहुधा भल्या सकाळी काम काढतात, रस्ता बंद करून. क्रेनचे पट्टे बरोबर वजनाच्या मध्याच्या वर यावे लागतात, नाहीतर वस्तू हवेत गिरकी घेते. खालून दोघे दोऱ्या धरून उभे राहतात. वर परांचीवरचे कामगार आधी सगळे बोल्ट सैल लावतात, ओळंबा पाहतात, मगच आवळतात. ऑपरेशन थिएटरमध्ये हाडाला पट्टी बसवताना डॉक्टर अगदी हेच करीत: सगळे स्क्रू आधी सैल, मग एकेक घट्ट. आणि त्या दिवशी काम संपत नाही. दर काही वर्षांनी कुणीतरी वर चढून गंज, भेग, ओल तपासायची असते. ज्याचे कुणी तपासत नाही, ते एक दिवस खाली येते.

किंवा हरवते. पेरीचेच घ्या. १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' प्रदर्शनासाठी त्याने वॉटर्लू स्टेशनजवळच्या भिंतीवर उन्हात पहुडलेले एक जोडपे लावले होते, 'द सनबेदर्स'. प्रदर्शन संपले आणि ते गेले कुठे हे कुणाला माहीत नव्हते. पासष्टएक वर्षांनी ते दक्षिण लंडनच्या ब्लॅकहीथमधल्या एका हॉटेलच्या बागेत सापडले. लोकांनी वर्गणी काढून दुरुस्त केले, २०१७ साली पुन्हा सगळ्यांना दाखवले, आणि आता ते वॉटर्लू स्टेशनातच भिंतीवर आहे. डार्ली हाउसची मुले मात्र हरवली नाहीत. सरकारच्या संरक्षित यादीत त्यांची नोंद आहे, ती इमारतीत राहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत, आणि पेरी १९६७ साली वारल्यानंतरही जागच्या जागी आहेत.

खाली झोपतं कोण?

नॅन जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. घर आवरताना त्यांच्या मुलीने आमच्या ह्यांना ते चहाच्या डब्यामागचे पाकीट आणून दिले. पेन्सिल पुसट झाली होती, पण गर्डर दिसत होते. आता आमचे हेही नाहीत. पाकीट आमच्याकडे आहे.

नातीला ते पाकीट दाखवले. मग सुट्टी संपायच्या आधी तिला व्हॉक्सहॉललाही नेले. तिने भिंतीवरची मुले पाहिली आणि विचारले, "यांच्या मागच्या खोलीत कोण झोपतं?" आम्ही सांगितले, तुझ्यासारखी मुले असतील. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग ती पडली नाही पाहिजेत."

तेच तर. शार्क दाखवतो की आभाळातून घरावर काहीही पडू शकते. भिंतीवरची मुले सांगतात की पडले होते. पण दाखवणारी वस्तू स्वतः कधीही पडता कामा नये, कारण तिच्या खाली आणि मागे माणसे अंथरूण घालून झोपलेली आहेत. म्हणून तो गर्डर, ती ओढून पाहिलेली सळई, तो ओळंबा. रात्रपाळीची नर्स जशी झोपलेल्याला न उठवता फेरी मारते, तसेच हे काम. नीट झाले तर कुणाला कळतही नाही.

वाचकांपैकी कुणी ऑक्सफर्डला आले तर शार्क अवश्य पाहावा. मात्र ते खाजगी घर आहे, समोरच्या फुटपाथवरूनच पाहावे, दार वाजवू नये. लंडनच्या मंडळींनी नातवंडांना घेऊन व्हॉक्सहॉलला जावे, वाटेत वॉटर्लू स्टेशनात ते उन्हात पहुडलेले जोडपेही बघून घ्यावे. आणि बालवाचकांनी आपल्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर काय लावले आहे, डिश, घंटा, टोपली, पाटी, ते कशावर टांगले आहे हे बाबांना विचारून त्याचे चित्र काढून पाठवावे. कौले, वीट, बोल्ट, सगळे दाखवायचे बरं का. पाकिटाच्या मागे काढलेले चालेल.